नडगीवरचा हात

तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण तडतडला की आमच्या कोसाडच्या आवासात, म्हणजे सरकारी वसाहतीत, थंडी आली असं समजायचं. सुरतेची थंडी तशी नावालाच. स्वेटर घालावा तर दुपारी घाम फुटतो, न घालावा तर सकाळी नाक वाहतं. पण नोव्हेंबर सरत आला की पोलीस भरतीच्या ग्राउंडची कुजबुज सुरू होते आणि आमच्या इमारतीमागच्या कच्च्या रस्त्यावर पहाटेच पावलं वाजायला लागतात. धुळ्याकडची, जळगावची, बुलढाण्याची पोरं-पोरी. कुणाचा बाप लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कुणाची आई साड्यांना लेस लावते. हजीऱ्याच्या कारखान्यांच्या बाजूचं आभाळ तेव्हा अजून तांबूस असतं आणि माझा नवरा तिकडचीच बस पकडायला डबा घेऊन निघालेला असतो. पळणाऱ्यांची एक फेरी होते, दुसरी होते, आणि उजाडल्यावर घराघरांतून गरम तेलाचा वास जिन्यात उतरतो.

मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहून बघते. शाळेला निघायला मला वेळ असतो. मी मराठी शाळेत शिकवते. म्हणजे गुजरातीत विचार करणाऱ्या आणि हिंदीत भांडणाऱ्या मुलांना मराठीत बोलायला लावते. थंडीत माझी उजवी नडगी ठणकते. हवामान खात्याच्या आधी तिला कळतं. मुलं विचारतात, ‘टीचर, तुम्ही जिना हळू का चढता?’ मी सांगते, लहानपणी पडले होते. बावीस वर्षांची बाई लहान असते का, हे विचारण्याइतकी ती अजून मोठी झालेली नाहीत.

याच रस्त्यावर नऊ हिवाळ्यांपूर्वी मी पळत होते.

आई तेव्हा मालिश करायची. बाळंतिणीची आणि बाळाची. अमरोलीपासून इकडं वरियावच्या बाजूपर्यंत तिला लोक ‘मालिशवाली मावशी’ म्हणून ओळखत; नाव कुणालाच माहीत नव्हतं. गुजराती घरांत ती मासी, ओडिया घरांत मौसी, आपल्या लोकांत मावशी. सकाळी एका पिशवीत तेलाची बाटली, काशाची वाटी आणि एक जुनं लुगडं घेऊन ती निघायची. बाळंतिणीला आधी पाठीला, मग कमरेला, मग पायांना चोळायचं. मग पाटावर बसून लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून पाय लांब पसरायचे आणि बाळ नडग्यांवर पालथं घ्यायचं. आईच्या दोन पायांच्या मधल्या पन्हळीत बाळ असं बसायचं की ते सांडेल अशी भीती कुणालाच वाटायची नाही. रडणारं बाळ चौथ्या-पाचव्या हाताला गप्प व्हायचं. पायावर घेतलेल्या पोरांची तिनं कधी मोजदाद केली नाही. रस्त्यात एखादा धटिंगण मोटारसायकल थांबवून ‘मासी, ओळख्यो?’ म्हणाला की ती त्याच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघायची. पाय सरळ आहेत ना, एवढंच तिला हवं असायचं.

मला पोलिसात घालायचं तिच्या डोक्यात आलं तेही हातांतूनच आलं. एका घरी तिला बाळंतीण मिळाली ती पोलिसातली होती. खुंटीला खाकी वर्दी टांगलेली. आई घरी आली ती हात धुवायच्या आधीच बोलायला लागली. ‘सुनी, तिन्या पोटऱ्या पाह्य तू एकदाव. दाबं तं बोट मांगे येस.’ दाबलं तर बोट मागे येतं, अशा पोटऱ्या. आमच्याकडच्या बायकांच्या पोटऱ्या तिनं बऱ्याच पाहिल्या होत्या. बारा तास उभं राहून दोरे जोडणाऱ्या, शिरा फुगलेल्या, हाताला पाण्याच्या पिशवीसारख्या लागणाऱ्या. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की बाईचे पाय असेही असू शकतात. ‘तुन्या पोटऱ्या अश्या जोयजेत,’ ती म्हणाली. मला तेव्हा हसू आलं होतं. लोक लेकीसाठी स्थळ बघतात, माझी आई पोटऱ्या बघून आली होती.

नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पर्वत पाटियाच्या पुढं एका खात्यात लूम चालवून चालवून कमी ऐकू यायला लागलं होतं. ते घरातही खात्यातल्यासारखं ओरडून बोलत. त्यामुळं त्यांनी मला दिलेली मुदत साऱ्या मजल्याला कळली. या साली झालं तर झालं, नाहीतर मे महिन्यात गावाकडं लग्न. मुलगा पाहून ठेवलेला होता. तो वाईट नव्हता. मला तो नको होता, एवढंच. मला माझ्या नावाची पाटी छातीवर हवी होती.

आईला पळण्यातलं काहीही कळत नव्हतं. तिला पायातलं कळत होतं. पहिल्या आठवड्यात मी दोन फेऱ्यांत जमिनीवर बसले आणि दुसऱ्या दिवशी संडासात बसता येईना, तेव्हा तिनं माझा ताबा घेतला. पळायच्या आधी तेल नाही, नुसते कोरडे तळहात घासायचे, कातडी लाल होईपर्यंत. पळून आल्यावर घाम सुकेपर्यंत हात लावायचा नाही, आधी पाणी प्यायचं. मग कोमट तेल. घोट्यापासून गुडघ्याकडं, नेहमी वरच्या दिशेनं; खाली ओढायचं नाही. ‘रगत घर गयं पाहिजे,’ म्हणायची. पोटरीच्या मधोमध एक जागा आहे, तिथं अंगठा रुतवून ती दहा श्वास थांबायची. मी किंचाळायचे आणि नंतर तो पाय माझा नसल्यासारखा हलका व्हायचा. शेवटी काशाच्या वाटीनं तळपाय घासायची. वाटीखालचं तेल काळं व्हायला लागलं की माझे डोळे मिटायला लागायचे.

आता शाळेत मोबाईलवर मी या विषयावर बरंच वाचते. मालिशनं थकलेल्या स्नायूचा ताठरपणा उतरतो, अंग मोकळं होतं, झोप चांगली लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायची इच्छा होते. सगळं खरं आहे. माझ्या अंगानं पाहिलेलं आहे. महिन्याभरात मी चार फेऱ्या न थांबता मारायला लागले. दुसऱ्या महिन्यात माझ्याबरोबर पळणाऱ्या पोरी मागे पडल्या, कारण त्यांचे पाय संध्याकाळपर्यंत भरलेलेच असायचे आणि माझे रोज नवे होऊन यायचे. पर्वत पाटियाच्या चौकात आता एका दुकानावर ‘स्पोर्ट्स मसाज’ अशी पाटी लागली आहे. काचेच्या दारामागं गार हवा आणि घरघरणारं यंत्र. त्या पाटीखालून जाताना मला दरवेळी वाटतं, आईच्या हाताला असं इंग्रजी नाव मिळालं असतं तर तिचं काही वेगळं झालं असतं का. नसतं झालं. तिचं वाटोळं मी केलं आणि मला इंग्रजी येत होतं.

दुखणं तिसऱ्या महिन्यात सुरू झालं. उजव्या नडगीवर, मधल्या भागाच्या थोडं खाली. आधी पळताना, मग चालताना, मग नुसतं बसल्या जागी. बोट ठेवलं तर एका चवलीच्या नाण्याएवढ्या जागेत, बाजूला काही नाही. पोटरीचं दुखणं पसरतं, इकडून तिकडं फिरतं, गोड लागतं कधी कधी. हे तसं नव्हतं. ते एका जागी बसून होतं आणि माझी वाट बघत होतं.

आईचा एक नियम होता आणि तो तिच्या आईपासून आलेला होता. ‘हाडूकवर दाबानं नही.’ मांसाचं दुखणं हाताचं, हाडाचं दुखणं दवाखान्याचं. बाळंतिणीला माकडहाडात दुखलं तरी ती हात काढून घ्यायची आणि घरच्यांना सांगायची, दाखवून या, मग मी येते. त्यामुळं मला पक्कं ठाऊक होतं की नडगीचं नाव काढलं तर ती त्याच क्षणी तेलाची बाटली बंद करेल, मला दवाखान्यात नेईल, तिथं सहा आठवडे विश्रांती सांगतील, आणि ग्राउंडला तर पाचच आठवडे उरले होते.

‘कोठे दुखस?’ तिनं विचारलं.

‘पोटरीमा,’ मी म्हणाले.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणतात ते हेच. ती पोटरी चोळायची आणि मी उजवा हात नडगीवर ठेवून बसायचे, पाय हलू नये म्हणून धरल्यासारखा. खरं तर तिची बोटं पुढं येऊ नयेत म्हणून. आणि गंमत, म्हणजे आता गंमत म्हणायची, की तिच्या चोळण्यानं बरं वाटायचं. मागचं मांस सैल झालं की पुढचा ठणका निम्मा व्हायचा. ती जितकं मन लावून चोळायची तितकी मी दुसऱ्या दिवशी जास्त पळायचे. तिनं माझं दुखणं उतरवायचं आणि मी त्या उतरलेल्या दुखण्याच्या जोरावर हाड आणखी झिजवायचं, असा आमचा दोघींचा कारखाना पाच आठवडे चालला. त्यातल्या एकीला कारखान्यात काय बनतंय ते माहीत नव्हतं.

एकदा तिचा अंगठा घसरून पुढं आला. माझा हात नेमका केस बांधायला वर गेला होता. त्या जागेवर तिचं बोट लागलं आणि माझा श्वास अडकला. ती थांबली.

‘काय झायं?’

मी पटकन म्हणाले, ‘तुनं नख लागनं.’

तिनं अंगठा डोळ्यांपुढं धरला. उठली, नानांच्या दाढीच्या सामानातून ब्लेडचं पान काढलं आणि दारात उकिडवं बसून दहाही बोटांची नखं मांसापर्यंत कापली. करंगळीला रक्त आलं. तिची नखं आधीही वाढलेली नव्हती. बाळांना हात लावणारी बाई नखं वाढवत नाही. तरी तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, स्वतःच्या बोटांवर नाही. त्या दिवसानंतर ती पायाच्या पुढच्या बाजूला फिरकलीच नाही. मला हवं होतं तेच झालं.

ग्राउंडच्या दिवशी तिसऱ्या फेरीच्या वळणावर नडगीतून आवाज आला. वाळलेली काडी मोडते तसाच आवाज होता, मोठा काही नव्हता. मी आणखी दोन-तीन पावलं पळाले असेन. पुढचं पाऊल टेकलं तेव्हा पाय तिथं नव्हता. मातीत पडल्यावर मला पहिल्यांदा आठवलं ते हे की आज मी पहिल्या पाचांत होते. बाकीच्या पोरी माझ्या बाजूनं पळत गेल्या. त्यांनी थांबावं असं मलाही वाटलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि हाडावरची जुनी रेघ दाखवली. ही चीर आजची नाही, बऱ्याच दिवसांची आहे, म्हणाले. मग माझ्या पायाला लागलेला तेलाचा वास त्यांना आला असावा. ‘मालिश करवाती थी?’

आईच बोलली. ‘मैं करती थी, साहेब.’

‘हड्डी पे मालिश नहीं करते, मौसी,’ ते म्हणाले. रागावून नाही, सहज. पुढच्या खाटेकडं गेले.

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी शुद्धीवर होते, इंजेक्शन अजून चढायचं होतं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटून घेतले. दुखत होतं, हेही खरंच.

मग ते वाक्य आमच्या आधी घरी पोचलं. आवासात भिंती पातळ आहेत. मालिशवाली मावशीनं सख्ख्या लेकीचं हाड दाबून दाबून मोडलं. कुणी तोंडावर म्हणालं नाही. एका घरी बाळाला सर्दी झाली, एका घरी सासू गावाहून आली आणि तीच करणार म्हणाली, एका घरी दारच उघडलं नाही. घर फिरलं की वासेही फिरतात. पण खरं सांगायचं तर लोकांनी तिला सोडायच्या आधी तिनंच काम सोडलं. काशाची वाटी पोह्यांच्या डब्यात टाकली. पिशवी धुऊन भाजीला केली. साऱ्यांना एकच सांगायची, ‘आते मी कोनले हात लावत नही.’

आणि मी? मी बिचारी झाले. आईच्या हातानं आयुष्यातून उठलेली पोर. पाय प्लास्टरमध्ये टाकून खाटेवर पडले होते तेव्हा शेजारणी शिरा घेऊन यायच्या, माझ्याशी हळू बोलायच्या, आईशी बोलायच्याच नाहीत. मला ते सुखाचं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं. नापास होण्यापेक्षा बळी जाणं किती बरं असतं. नानांनी मे महिन्याचा विषय काढला नाही. मी डी.एड. केलं, शाळेत लागले, नंतर माझ्या पसंतीनं लग्न केलं. माझं सगळं नीट झालं. आईनं ठपका सोसला आणि मला सवड मिळाली.

सांगेन, सांगेन असं म्हणता म्हणता वर्षं गेली. खोटं ताजं असतं तेव्हा उपटून टाकता येतं. नंतर त्याच्यावर घर बांधलं जातं.

माझी तन्वी जन्मली तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ‘मालिशला कोण? तुझी आई नाही ना?’ मी खाली बघितलं. आईनं स्वतःच अमरोलीची एक बाई शोधून आणली. ती बाई पाटावर बसायची, पाय पसरायची, तन्वीला पालथं घ्यायची. आई मोरीच्या दाराशी गरम पाण्याची बादली घेऊन उभी. आत यायची नाही. त्या बाईचा हात जड होता, तन्वी रडून रडून निळी व्हायची. एकदा मी आईकडं बघितलं तर तिची बोटं लुगड्यावर, स्वतःच्याच मांडीवर फिरत होती. हलकी, गोल गोल, बाळाच्या पाठीवरून फिरतात तशी. तिला ते माहीत नसावं. मी चाळीस दिवस ते बघितलं आणि चाळीस दिवस गप्प राहिले.

दर रविवारी ती अजून नखं कापते. आता नेलकटरनं. काप गेले, भोकं राहिली.

या हिवाळ्यात बुलढाण्याकडची रोशनी पळते आहे. तिचं घर माझ्या आईच्या घराला लागून, तळमजल्यावर. अंगानं काटक, बोलायला फटकळ, पळताना तोंडात ओढणीचं टोक धरते. तिच्या घरी तिला चोळून देणारं कुणी नाही. आई कामावर, भाऊ गावाकडं. गेल्या रविवारी सकाळी आम्ही आईच्या दाराशी उन्हाला बसलो होतो. आई तुरीच्या शेंगा सोलत होती, तन्वी शेजारी दाणे खात होती. रोशनी लंगडत आली आणि आईसमोर बसून तिनं पायच पुढं केला.

‘आजी, पाय लय ठणकून राह्यला. मले मालूम आहे तुमचा हात. जराशी चोळून द्या ना.’

‘मी कोनले हात लावत नही, बाई.’

‘लोकाइचं नका सांगू मले. मी नाही भेत.’

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. नऊ वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. तिनं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. ‘कोठे दुखस?’ तिनं विचारलं, त्याच जुन्या आवाजात.

‘पोटरीत,’ रोशनी म्हणाली.

आणि तिनं आपला हात नडगीवर ठेवला. पाय धरल्यासारखा. चार बोटं जुळवून, मधल्या भागाच्या थोडं खाली.

तो हात माझा होता. आवासात हजारो माणसं राहतात, पण त्या हाताचा अर्थ कळणारी मी एकटीच होते. आईचे अंगठे पोटरीपर्यंत पोचले होते. मी आणखी थोडा वेळ गप्प राहिले असते तर सगळं पुन्हा तसंच सुरू झालं असतं. तेच तेल आणि तेच पाच आठवडे. या वेळी दुसऱ्याची पोर, आणि आईला पुन्हा जगायला जागा राहिली नसती.

‘माय, थांब,’ मी म्हणाले. ‘तिची पोटरी नाही दुखत. नडगी दुखतेय. तिनं हात ठेवलाय तिथं.’

रोशनी उसळली. ‘तुमाले काय मालूम, ताई?’

‘मीही तिथंच हात ठेवून बसायचे,’ मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं बघितलं. मग मी सगळं बोलले. मराठीत सुरू केलं आणि कधी अहिराणीत शिरले ते कळलं नाही. पोटरीचं खोटं सांगितलं. पुढं हात का ठेवायचे ते सांगितलं. डॉक्टर बोलले तेव्हा मी जागी होते हे सांगितलं. हाड तुझ्या हातानं नाही मोडलं, तुझ्या हातानं तर मी त्या हाडावर पाच आठवडे जास्त पळले, असं काहीतरी म्हणाले. रोशनीनं पाय ओढून घेतला होता. ती कधी उठून गेली ते मला दिसलं नाही. शेजारचं दार आपटल्याचं ऐकू आलं.

मला वाटलं होतं आई रडेल, मारेल, निदान एक शिवी देईल. मला हवं होतं तसं काहीतरी. आईनं उजवा अंगठा डोळ्यांपुढं धरला. उन्हात उलटासुलटा करून बघितला.

‘मंग तव्हय मनं नख नही लागेल व्हतं?’

नऊ वर्षांतलं एवढंच तिला विचारायचं होतं. मी मान हलवली. नाही, तुझं नख नव्हतं लागलं.

ती उठून आत गेली. पोह्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात काशाची वाटी होती, काळी पडलेली, आणि बगलेत पाट. तिनं पाट भिंतीशी टाकला, बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं आणि दोन्ही पाय उन्हात पसरले. त्या नडग्या मी विसरले होते. वरचे केस झडून गेलेल्या, तुकतुकीत, वर्षानुवर्षांच्या तेलानं आणि पोरांच्या पोटांनी गुळगुळीत झालेल्या.

‘तन्वे, इकडे ये व.’

तन्वीला वाटलं खेळ आहे. ती हसत आली आणि आईनं दाखवलं तशी पायांवर पालथी झोपली. पाच वर्षांची पोर. डोकं एका बाजूला फरशीला टेकलं, पाय दुसऱ्या बाजूला लांबवर गेले. आईनं तिला जरा वर ओढलं, मग जरा खाली. पोटाखाली हात घालून बघितला. कुठूनही बसेना. मग तिनं कोरडेच तळहात तन्वीच्या पाठीवर ठेवले आणि एकदा खांद्यांपासून कमरेपर्यंत फिरवले.

‘आजी, गलीपची थाय छे,’ म्हणत तन्वी गुदगुल्यांनी वळवळली, निसटली आणि शेंगांच्या ताटाकडं पळाली.

आईचे पाय तसेच पसरलेले राहिले, मधली पन्हळ रिकामी. ती माझ्याशी बोलत नव्हती, पायांकडं बघत होती.

‘मनी नात,’ ती म्हणाली, ‘आन् दुसरीना पायवर मोठी झायी.’

आज सकाळी मी गॅलरीत उभी होते. रोशनी पळत होती. नडगी झाकेल असे गुडघ्यापर्यंत मोजे घातले होते आणि वर माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. जिन्यात तेलाचा वास होता, पण आईच्या घरातला नव्हता.